विश्लेषण : फेरनिवडीविरुद्ध बंड करून सत्तेत आले, घटना बदलत तीन दशके राहिले, मेक्सिकोच्या पोर्फिरियो दियाझ यांनी हे कसे साधले?

चीनने २०१८ मध्ये अध्यक्षपदाची दोन मुदतींची मर्यादा घटनेतून काढून टाकली. रशियात २०२० च्या घटनादुरुस्तीने व्लादिमिर पुतिन यांच्या आधीच्या मुदती मोजायच्याच नाहीत, असे ठरले. एल साल्वादोरच्या कायदेमंडळाने २०२५ मध्ये अध्यक्षाला कितीही वेळा निवडणूक लढवण्याची मुभा दिली. तिन्ही ठिकाणी रणगाडे रस्त्यावर आले नाहीत. ठराव मांडला गेला, मतदान झाले, बदल कागदावर उतरला. सगळे रीतसर.

ही वाट नवी नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मेक्सिकोत पोर्फिरियो दियाझ या वाटेने पुन्हा पुन्हा गेले. त्यांच्या गोष्टीत एक पीळ मात्र जास्तीचा आहे. ज्या नियमाला त्यांनी टप्प्याटप्प्याने निकालात काढले, तो नियम घटनेत आणला होता त्यांनीच. त्यासाठी दोनदा बंदूक उचलली होती तीही त्यांनीच.

पोर्फिरियो दियाझ कोण होते?

दियाझ यांचा जन्म सप्टेंबर १८३० मध्ये दक्षिण मेक्सिकोतील वाहाका शहरात झाला. वडील कॉलऱ्याने गेले तेव्हा ते तीन वर्षांचे होते. आई पेत्रोना मोरी यांच्या घराण्याची मुळे मिश्तेक या मूळनिवासी समाजात होती. कुटुंबाची वाटसरूंसाठीची सराई होती, पण वडिलांच्या मागे ती चालेना. मुलगा पाद्री होईल तर घराला आधार होईल, म्हणून त्याला धर्मशाळेत नव्हे, थेट पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात घातले. मुलाने ते सोडले आणि कायदा शिकायला घेतला. त्या काळच्या कॅथलिक मेक्सिकोत हे घरातले लहानसे बंडच होते.

कायद्याच्या शिक्षणामुळे त्यांचा संबंध बेनितो हुआरेझ यांच्याशी आला. हुआरेझ झापोतेक या मूळनिवासी समाजातले, लहानपणीच पोरके झालेले, वकील होऊन वाहाकाचे गव्हर्नर झालेले. पुढे ते देशाचे अध्यक्ष झाले आणि त्यांची कीर्ती इतकी पसरली की इटलीतल्या एका समाजवादी लोहाराने आपल्या मुलाचे नाव त्यांच्यावरून बेनितो ठेवले. तो मुलगा म्हणजे मुसोलिनी. नाव ठेवताना असे अंदाज चुकतात.

१८५४ मध्ये हुकूमशहा सांता आना यांनी आपण सत्तेवर राहावे की नाही, यावर जाहीर कौल घेतला. मत गुप्त नव्हते, सर्वांसमोर नोंदवायचे होते. २४ वर्षांच्या दियाझ यांनी विरोधात मत नोंदवले आणि त्यांना शहर सोडून पळावे लागले. तिथून ते उदारमतवाद्यांच्या बाजूने लढायला लागले.

१८५७ मध्ये उदारमतवाद्यांनी नवी घटना केली. चर्चचे विशेषाधिकार कमी केले, नागरिकांचे हक्क लिहून काढले. त्यावरून तीन वर्षे यादवी युद्ध झाले. ते संपते न संपते तोच फ्रान्सची फौज उतरली आणि तिच्या जोरावर मॅक्सिमिलियन या ऑस्ट्रियन राजपुत्राला मेक्सिकोच्या गादीवर बसवण्यात आले. या युद्धाने दियाझ यांना देशभर नाव मिळवून दिले. ५ मे १८६२ रोजी प्वेब्ला येथे फ्रेंचांचा पराभव झाला, त्यात ते एका तुकडीचे प्रमुख होते. पुढे दोनदा पकडले गेले, दोनदा निसटले. दुसऱ्या वेळी तर दोराने भिंत उतरून. एप्रिल १८६७ मध्ये त्यांनी प्वेब्ला परत जिंकले आणि जूनमध्ये राजधानी घेतली. मॅक्सिमिलियन यांना केरेतारो येथे गोळ्या घालण्यात आल्या आणि प्रजासत्ताक परत आले. तेव्हा दियाझ ३६ वर्षांचे होते.

पहिले बंड कशासाठी होते?

हुआरेझ यांची अध्यक्षपदाची मुदत १८६५ मध्ये संपली होती. देशात परकी फौज होती, निवडणूक घेणे अशक्य होते. त्यांनी फर्मान काढून स्वतःची मुदत लांबवली. त्या परिस्थितीत ते बहुतेकांनी समजून घेतले. पण युद्ध संपल्यावर १८६७ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि जिंकले. १८७१ मध्ये परत उभे राहिले. या दोन्ही वेळा त्यांच्याविरुद्ध दियाझ होते. दुसऱ्या वेळी कोणालाच बहुमत मिळाले नाही, निर्णय काँग्रेसकडे गेला आणि काँग्रेसने हुआरेझ यांना निवडले.

गंमत अशी की १८५७ च्या घटनेत फेरनिवडीला बंदीच नव्हती. अध्यक्षाची मुदत चार वर्षे, एवढेच लिहिले होते. घटनाकारांना हा प्रश्न कधी उभा राहील असे वाटले नसावे. दियाझ यांनी नेमक्या या मौनावर बोट ठेवले. नोव्हेंबर १८७१ मध्ये ला नोरिया या आपल्या जमीनदारीवरून त्यांनी जाहीरनामा काढला: एकाच माणसाने सतत निवडून येत राहणे म्हणजे प्रजासत्ताकाचा शेवट, सबब ते थांबवणारा नियम हवा. बंड फसले. पण ते चिरडले जात असतानाच जुलै १८७२ मध्ये हुआरेझ यांचे निधन झाले आणि घटनेनुसार सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष सेबास्तियान लेर्दो दे तेहादा देशाचे अध्यक्ष झाले. त्यांनी बंडखोरांना माफी दिली. दियाझ गप्प बसले.

चार वर्षांनी लेर्दो यांनीही फेरनिवडणूक लढवायचे ठरवले. जानेवारी १८७६ मध्ये दियाझ यांच्या बाजूने दुसरा जाहीरनामा आला. वाहाका प्रांतातील ज्या गावातून तो निघाला त्यावरून त्याला तुस्तेपेकचा जाहीरनामा म्हणतात. त्याचे सार दोन शब्दांत सांगता येते: फेरनिवड नको. या वेळी मात्र १६ नोव्हेंबरला तेकोआकच्या लढाईत लेर्दो यांच्या फौजेचा पराभव झाला आणि दियाझ राजधानीत शिरले. वाटेत आणखी एक अडथळा होता. सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे अध्यक्ष होसे मारिया इग्लेसियास यांनी लेर्दो यांची निवडणूक गैर ठरवून, घटनेनुसार आता देशाचा अध्यक्ष मी, असा दावा केला होता. कायद्याच्या दृष्टीने त्यांची बाजू दियाझ यांच्यापेक्षा भक्कम होती. दियाझ यांच्याकडे फौज होती. इग्लेसियास यांना देश सोडावा लागला.

न्यायालयाच्या अध्यक्षाला असा दावा करता येतो, हे दियाझ विसरले नाहीत.

नियम घटनेत आला, पण कसा?

१८७७ मध्ये दियाझ रीतसर अध्यक्ष झाले आणि मे १८७८ मध्ये त्यांनी शब्द पाळला. अध्यक्ष आणि राज्यांचे गव्हर्नर यांना पुन्हा निवडून येता येणार नाही, अशी दुरुस्ती घटनेत झाली. मात्र तिच्यात एक फट होती. बंदी कायमची नव्हती, लागोपाठच्या मुदतीपुरती होती. चार वर्षे बाहेर बसा आणि परत या.

ही फट त्यांनी मुद्दाम ठेवली, असे म्हणायला थेट पुरावा लागत नाही, पुढची चार वर्षे पुरेशी आहेत. १८८० मध्ये ते खुर्चीवरून उठले. तिथे बसले जनरल मान्वेल गोन्झालेझ, त्यांचे जिवलग सहकारी, लढाईत एक हात गमावलेले. दियाझ काही काळ मंत्री राहिले, मग वाहाकाचे गव्हर्नर झाले. नियम पाळला गेला. जगाला दिसले की मेक्सिकोत सत्ता शांततेने हस्तांतरित होते, आणि परदेशी भांडवलाला हेच पाहायचे होते.

पण गोन्झालेझ यांच्या काळात दोन घटनादुरुस्त्या झाल्या, ज्यांच्याकडे आजही फारसे लक्ष जात नाही. अध्यक्षपदाच्या मुदतीची चर्चा सगळे करतात. या दोघींशिवाय पुढचे काही जमले नसते.

पहिली १८८२ ची. अध्यक्षाचे पद रिकामे झाले तर ते सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षाकडे जाते, हा १८५७ च्या घटनेतला नियम बदलला आणि तो मान सिनेटच्या अध्यक्षाकडे गेला. याच जुन्या नियमाने हुआरेझ १८५८ मध्ये, लेर्दो १८७२ मध्ये सत्तेवर आले होते आणि इग्लेसियास यांनी दावा केला होता. सत्तेच्या दारात उभे असलेले न्यायालय त्या दारातून हटवले गेले. दुसरी दुरुस्ती १८८३ ची. मूळ घटनेत वृत्तपत्रांवरचे खटले साध्या न्यायाधीशापुढे चालत नसत. नागरिकांचे एक पंचमंडळ गुन्हा घडला की नाही ते ठरवी, दुसरे कायदा लावून शिक्षा ठरवी. दुरुस्तीने पंचमंडळे गेली, संपादक नेहमीच्या न्यायालयांपुढे आले. त्या न्यायाधीशांच्या नेमणुका कोणाच्या मर्जीने होत, हे वेगळे सांगायला नको. फिलोमेनो माता या संपादकाने १८८१ मध्ये वृत्तपत्र काढले ते दियाझ यांचे समर्थक म्हणून. फेरनिवडीला विरोध करू लागल्यावर त्यांच्या तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि दियाझ जाईपर्यंत संपल्या नाहीत.

१८८४ नंतर काय झाले?

गोन्झालेझ यांची कारकीर्द बदनामीत संपली. निकेलच्या नव्या नाण्यांवरून दंगे झाले, इंग्लंडच्या जुन्या कर्जाला मान्यता देण्यावरून गदारोळ झाला. लोकांना दियाझ बरे वाटू लागले. १८८४ मध्ये ते परत आले ते नियमाप्रमाणेच.

आता चार वर्षांनी पुन्हा उठायचे होते. ऑक्टोबर १८८७ मध्ये दुरुस्ती आली: लागोपाठ एक फेरनिवड चालेल, त्यानंतर मात्र बाहेर बसावे लागेल. विरोधकांना सांगता आले की तत्त्व कायम आहे, फक्त एक सवलत दिली आहे. १८८८ मध्ये दियाझ निवडून आले. डिसेंबर १८९० मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली आणि फेरनिवडीबद्दलचा सगळा मजकूरच काढून टाकण्यात आला. कलम पुन्हा १८५७ मध्ये होते तसे झाले: मुदत चार वर्षे, बाकी मौन. ज्या मौनाविरुद्ध ला नोरियाचे बंड होते, तेच. १९०४ मध्ये मुदत चारवरून सहा वर्षांची झाली. १८८८, १८९२, १८९६, १९००, १९०४ आणि १९१०, दियाझ निवडून येतच राहिले.

वेगाचा विचार करा. बंदीपासून बंदी उठण्यापर्यंत १२ वर्षे लागली. एका झटक्यात १८७८ चे कलम रद्द केले असते तर त्यांचेच जुने सोबती भडकले असते. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलापासून जेमतेम वीतभर पुढे होते. आज ज्याला आक्षेप घ्यायचा त्याला कालच्या बदलाला आपण मान्यता दिली होती, हे आठवायचे.

घटनेतले कुलूप इतक्या सहज कसे उघडत होते?

कागदावर ही घटना बदलणे सोपे नव्हते. काँग्रेसमध्ये दोन तृतीयांश मते आणि शिवाय बहुसंख्य राज्यांच्या कायदेमंडळांची संमती, अशी दुहेरी अट होती. आपल्याकडे काही कलमांसाठी संसदेबरोबर निम्म्या राज्यांची मान्यता लागते, तसाच हा प्रकार. दियाझ यांनी ही अट कधी मोडली नाही. त्यांनी अट पुरी करणारी माणसे बदलली.

निवडणूक अप्रत्यक्ष होती. नागरिक निर्वाचक निवडत, निर्वाचक खासदार निवडत. निर्वाचकांच्या याद्यांवर जिल्ह्याच्या राजकीय प्रमुखाचा हात असे, जिल्हाप्रमुखावर गव्हर्नरचा आणि गव्हर्नरवर दियाझ यांचा. कोण कोठून निवडून येणार याची नावे राजधानीतून गव्हर्नरांकडे जात. मतदारसंघाचे तोंड न पाहिलेले लोक त्या मतदारसंघाचे प्रतिनिधी होत. फेरनिवडीची मुभा गव्हर्नरांनाही मिळाली होती, त्यामुळे दुरुस्तीला मत देणे त्यांच्याही फायद्याचे होते. त्लास्कालाचे गव्हर्नर प्रोस्पेरो काउआन्त्सी १८८५ पासून १९११ पर्यंत खुर्चीवर होते. ज्यांनी कुलूप राखायचे त्यांनाच किल्लीचा वाटा मिळाला होता.

ज्यांना वाटा नको होता त्यांच्यासाठी दुसरी सोय होती. या धोरणाला भाकरी किंवा दंडुका असे नाव पडले. बंडखोर वृत्तीच्या सेनापतींना जमिनी, रेल्वेची कंत्राटे, दूरच्या प्रांतातली पदे मिळत. १८७९ मध्ये वेराक्रूझ बंदरात लेर्दो समर्थकांचा कट उघड झाला, तेव्हा नऊ जणांना खटल्याविना गोळ्या घालण्यात आल्या. १८८१ मध्ये ५१ वर्षांच्या विधुर दियाझ यांनी १७ वर्षांच्या कार्मेन रोमेरो रुबियो यांच्याशी लग्न केले. वधूपिता लेर्दो यांच्या गोटातले मोठे नेते होते. १८८४ नंतर ते जावयाचे गृहमंत्री झाले. सोयरिकीने वैर मिटवणे आपल्याकडच्या घराण्यांना नवे नाही.

चर्चच्या बाबतीतली युक्ती आणखी बारीक होती. १८५७ ची घटना आणि तिच्यानंतरचे कायदे चर्चविरोधी होते. दियाझ यांनी ते रद्द केले नाहीत, वापरलेही नाहीत. कायदा पुस्तकात राहिला. बिशपांना मोकळीक मिळाली, पण ती हक्क म्हणून नाही, अध्यक्षांची कृपा म्हणून. कृपा काढून घेता येते. नियम बदलून जितकी सत्ता मिळते, कधीकधी तितकीच तो न बदलता बाजूला ठेवून मिळते.

त्यांच्या बाजूच्या सुशिक्षित मंडळींनाही हे खटकत होते. शास्त्रीय पद्धतीने राज्य चालवायचे म्हणणाऱ्या या गटाला सिएन्तिफिको म्हणत. त्यांनी १८९२ मध्ये फेरनिवडीला पाठिंबा दिला, पण बदल्यात न्यायाधीशांना पदावरून हटवता येऊ नये अशी तरतूद मागितली. तिचा मसुदा प्रतिनिधिगृहात मंजूर झाला आणि सिनेटमध्ये अडकला तो अडकलाच. दियाझ यांनी उघड नकार देण्याचीही गरज पडली नाही.

लोकांनी हे इतकी वर्षे का सोसले?

कारण बरेच काही मिळतही होते, हे मान्य करावे लागेल. १८२१ च्या स्वातंत्र्यानंतर मेक्सिकोने बंडे, यादवी आणि दोन मोठी परकी आक्रमणे पाहिली होती. अमेरिकेने अर्धा देश घेतला होता. दियाझ आले तेव्हा देशात सुमारे ६४० किलोमीटर रेल्वे होती. ते गेले तेव्हा ती १९ हजार किलोमीटरच्या पुढे गेली होती. अर्थमंत्री होसे लिमांतूर यांच्या काळात सरकारी तिजोरीत प्रथमच शिल्लक पडू लागली. खाणी, तार, बंदरे, तेल हे सगळे याच काळातले. रस्ते सुरक्षित झाले. थकलेल्या समाजाला शांतता मोठी वाटते.

तिची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. १८८३ च्या कायद्याने पडीक जमिनींची मोजणी खासगी कंपन्यांकडे गेली आणि मोजलेल्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोबदला म्हणून त्यांना मिळू लागला. ज्या गावांकडे पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट होती पण कागद नव्हता, त्यांच्या जमिनी गेल्या. उत्तरेतल्या याकी समाजाने विरोध केला, तर त्यांना हजारोंच्या संख्येने पकडून हजारो मैल दूर युकातानच्या घायपाताच्या मळ्यांवर पाठवले गेले. १९०६ मध्ये कानानेआच्या तांब्याच्या खाणीतला आणि १९०७ मध्ये रिओ ब्लांकोच्या कापडगिरणीतला संप गोळ्यांनी मोडला गेला. या सगळ्यांना दाद मागण्यासाठी खासदार नव्हता, न्यायालय नव्हते, वर्तमानपत्र नव्हते. ते तिन्ही आधीच बंदोबस्तात होते.

मग डोलारा कोसळला कसा?

वयाने. १९०४ मध्ये दियाझ ७४ वर्षांचे झाले होते. परदेशी कर्जदारांना एकच प्रश्न पडला होता, यांच्यानंतर कोण? म्हणून मुदत सहा वर्षांची करताना उपाध्यक्षपद निर्माण करण्यात आले. त्या पदावर दियाझ यांनी रामोन कोर्राल यांना आणले. याकींच्या हद्दपारीशी नाव जोडले गेलेले कोर्राल लोकप्रिय नव्हते आणि बहुधा हीच त्यांची पात्रता होती. त्यांच्याकडे पाहून दियाझ यांनी जावे असे कोणाला वाटणार नव्हते. लोकप्रिय जनरल बेर्नार्दो रेयेस यांच्या नावाची उपाध्यक्षपदासाठी चळवळ सुरू झाली, तेव्हा १९०९ मध्ये त्यांना सरकारी कामगिरीवर युरोपला पाठवण्यात आले.

मार्च १९०८ मध्ये एका अमेरिकी मासिकात जेम्स क्रीलमन यांनी घेतलेली दियाझ यांची मुलाखत छापून आली. मेक्सिको आता लोकशाहीसाठी तयार आहे, मी १९१० मध्ये निवृत्त होईन आणि विरोधी पक्ष निघाला तर स्वागत करीन, असा तिचा आशय होता. ती बहुधा परदेशी वाचकांसाठी होती. पण भाषांतर मेक्सिकोत छापले गेले आणि लोकांनी ते खरे मानले.

खरे मानणाऱ्यांत फ्रान्सिस्को मादेरो होते. उत्तरेतल्या कोआउइला प्रांतातल्या गडगंज जमीनदार घराण्यातले, ठेंगणे, होमिओपॅथीची औषधे देणारे, परलोकविद्येवर विश्वास असलेले गृहस्थ. भगवद्‌गीतेचे ते निष्ठावान वाचक होते आणि परलोकविद्येवरची आपली पुस्तिका त्यांनी भीम या टोपणनावाने छापली. क्रांतिकारक म्हणावे असे त्यांच्यात काही दिसत नव्हते. १९१० च्या अध्यक्षपदाच्या वारसावर त्यांनी पुस्तक लिहिले, त्यातली मागणीही माफक होती. दियाझ यांनी हवे तर राहावे, निदान उपाध्यक्ष तरी लोकांना निवडू द्यावा. एवढे दिले असते तर कदाचित पुढचे टळले असते. पण तीन दशके ज्या यंत्रणेने फक्त होकार द्यायचे काम केले, तिला तडजोड कशी करतात हेच माहीत राहिले नव्हते. मादेरो यांनी फेरनिवडविरोधी पक्ष काढला आणि स्वतः अध्यक्षपदासाठी उभे राहिले. त्यांच्या पक्षाची घोषणा दियाझ यांनी तुस्तेपेकमध्ये दिलेलीच होती.

जून १९१० मध्ये, मतदानाच्या काही दिवस आधी, मादेरो यांना अटक झाली. दियाझ आणि कोर्राल विजयी घोषित झाले. सप्टेंबरमध्ये स्वातंत्र्याच्या लढ्याची शताब्दी आणि दियाझ यांचा ८० वा वाढदिवस एकत्र आले. परदेशी पाहुणे, मेजवान्या, राजधानीत सोनेरी देवदूताच्या स्तंभाचे उद्घाटन. ऑक्टोबरमध्ये मादेरो जामिनावर असताना निसटून टेक्ससला पोहोचले आणि त्यांनी जाहीरनामा काढला. २० नोव्हेंबरला उठावाची हाक त्यात होती. निवडणुकीची, न्यायालयाची, वर्तमानपत्राची वाट बंद असताना उरली होती ती १८७६ मध्ये दियाझ ज्या वाटेने आले तीच.

मार्च १९११ मध्ये दियाझ यांनी मंत्रिमंडळ बदलले. एप्रिलमध्ये त्यांनी काँग्रेसपुढे फेरनिवडबंदीचा नियम परत आणण्याची तयारी दाखवली. तो ऐकून लोकांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. १० मे रोजी अमेरिकेच्या सीमेवरचे सिउदाद हुआरेझ बंडखोरांच्या हाती पडले. हुआरेझ यांचेच नाव धारण करणाऱ्या शहरात दियाझ यांची सत्ता संपावी, हा योगायोग इतिहासकारांनी नोंदवून ठेवला आहे. २५ मे रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि महिनाअखेरीस वेराक्रूझहून इपिरांगा नावाच्या जर्मन जहाजाने युरोप गाठला. फौज पूर्णपणे हरली नव्हती. तिच्यामागे उभे राहायला मात्र कोणी उरले नव्हते.

नियमाचे पुढे काय झाले?

नोव्हेंबर १९११ मध्ये फेरनिवडीवरची बंदी घटनेत परत आली. मादेरो यांचा फेब्रुवारी १९१३ मध्ये लष्करी उठावात खून झाला आणि देश आणखी काही वर्षे रक्तात बुडाला. २ जुलै १९१५ रोजी दियाझ पॅरिसमध्ये वारले. १९१७ च्या नव्या घटनेने बंदी आणखी कडक केली: अध्यक्ष झालेला माणूस पुन्हा कधीच अध्यक्ष होणार नाही.

दहा वर्षांत तीही सैल झाली. माजी अध्यक्ष आल्वारो ओब्रेगोन यांना परत यायचे होते, म्हणून १९२७ मध्ये मधल्या खंडानंतर फेरनिवड चालेल असे ठरले. तीच १८७८ ची फट. लगेच मुदतही चारवरून सहा वर्षांची केली गेली. जुलै १९२८ मध्ये ओब्रेगोन निवडून आले आणि त्याच महिन्यात राजधानीतल्या एका उपाहारगृहात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. १९३३ मध्ये संपूर्ण बंदी परत आली आणि मेक्सिकोच्या अध्यक्षासाठी ती आजतागायत टिकली आहे. सहा वर्षे, एकदाच. यातूनही वाट निघाली म्हणा. १९२९ मध्ये स्थापन झालेला सत्ताधारी पक्ष नावे बदलत २००० पर्यंत, तब्बल ७१ वर्षे सत्तेत राहिला. माणूस दर सहा वर्षांनी बदलायचा, आणि नवा माणूस आधीचा ठरवायचा.

मराठी वाचकांसाठी या कथेत एक ओळखीचे ठिकाण आहे. राजधानीजवळच्या चापिंगो येथील जमीनदारी मान्वेल गोन्झालेझ यांच्या मालकीची होती, म्हणजे १८८० मध्ये खुर्ची सांभाळायला बसलेल्या त्याच जनरलची. क्रांतीनंतर तिथे राष्ट्रीय कृषी विद्यालय आले. वर्ध्यात जन्मलेले गदर चळवळीतले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले ते याच विद्यालयात शिकवायला लागले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले, जमिनी परत मिळालेल्या शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा चालवल्या. चापिंगोत आता त्यांचा पुतळा आहे. २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले.

दियाझ यांची कबर पॅरिसच्या मोंपार्नास दफनभूमीत आहे. त्यांचे अवशेष मायदेशी आणावेत, ही मागणी मेक्सिकोत अधूनमधून होते. आजवर कोणत्याही सरकारने ती मान्य केलेली नाही.